पेटी पोचली, भिमाबाई राहिली

मी भिमाबाईची पत्र्याची पेटी बोलतेय. मला कुणी मुकी समजू नये. तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्रावरून मी एकटीनं अक्षरं लावलीत. शाळेत जाऊन आलेल्या पुष्कळांपेक्षा मला जास्त कळतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर नाशकात एका कारागिरानं मला ठोकून घडवलं. विड्या वळणारी भिमाबाई मला डोक्यावर घेऊन घरी आली. मुलगा सावळीराम कारकून झाला, आणि मी घरातली तिजोरी झाले.

म्हातारीची हौस एकच. वेरूळच्या लेण्यातला बुद्ध बघायचा. पण काचबिंदूनं डावा डोळा नेला होता, उजवाही चालला होता. डॉक्टर म्हणाले, "आजी, बघायचं ते लवकर बघून घ्या."

त्या उन्हाळ्यात तिनं पांढरं लुगडं माझ्यात ठेवलं, आणि कॉलऱ्याची साथ आली. जत्रा बंद, सिनेमा बंद, रसवंत्या बंद, प्रवास बंद. लुगडं बाहेर! पावसाळ्यानंतर बंदी उठली. लुगडं आत. आठ दिवसांत पुन्हा साथ, पुन्हा बंदी! आता म्हणे लस टोचल्याच्या दाखल्याशिवाय जिल्ह्याबाहेर सोडणार नाहीत.

"टोच बाबा," भिमाबाई म्हणाली. मायलेक टोचून आले. सावळीराम पडला कारकून. महत्त्वाचा कागद कुलपात, हा त्याचा धर्म. दोन्ही दाखले त्यानं माझ्यात घातले, कुलूप लावलं, आणि नाशकातल्याच द्वारका चौकात मला एसटीच्या टपावर चढवलं. माझ्यावर टमाट्यांच्या टोपल्या आल्या.

येवल्याच्या पुढं नाक्यावर गाडी थांबली. खालचं सगळं मला ऐकू येत होतं.

"दाखला?"

"पेटीत आहे साहेब," सावळीराम म्हणाला.

"पेटी कुठंय?"

"टपावर."

कंडक्टर ओरडला, "वर वीस टोपल्या हायेत! उतरवत बसलो तर इथंच मुक्काम!"

मग भिमाबाईचा आवाज चढला. "हा बघ दंड, लेका! अजून सुजलाय. कागद खोटं बोलंल, कातडं बोलतं व्हय?"

"आजी, दंडावर शिक्का नसतो. उतरा खाली."

घंटी वाजली. गाडी हलली. मी वर, ती खाली! माझा पत्रा गार पडला. अहो, दाखले माझ्या पोटात, आणि म्हातारी लेकासकट रस्त्यावर!

औरंगाबादला मी एकटी पोचले. आठ दिवस सामानाच्या खोलीत भिंत बघत बसले. परत आले तेव्हा भिमाबाईनं माझ्यावरून हात फिरवला. "काय गं भवाने, बघून आलीस का माझ्या वाटचं?" ती हसली. मला हसता आलं नाही.

बंदी उठून आता दोन महिने झालेत. सिनेमाला रांगा लागतात, रसवंतीचे घुंगरू वाजतात. पण आमच्या घरातली बंदी उठत नाही. सावळीराम शरमेनं प्रवासाचं नाव काढत नाही. म्हणतो, "पुढच्या वर्षी बघू, आई."

काल भिमाबाई दारात उभी राहून त्यालाच विचारत होती, "कोण हाय रं?"

सावळीराम, ऐक. मी आयुष्यात कुणापुढं वाकले नाही, आज वाकते. मला घरीच ठेव. तिचं लुगडं पिशवीत मावतं. पहाटेची गाडी आहे. उद्याची.

तिला घेऊन जा.