गाण्याच्या मास्तरांची बेसूर गाडी

मी एक जुनी गाडी आहे आणि मित्रांनो, मी भयंकर चिडलेली आहे. गोड बोलायची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी चकाचक होते. माझ्या पहिल्या मालकीणबाई दातांच्या डॉक्टर. "दात काय आणि गाडी काय, दुखायच्या आधी दाखवावं," असं म्हणायच्या आणि वेळच्या वेळी माझं तेलपाणी करायच्या. पुढे त्या थकल्या आणि मी गाण्याच्या मास्तरांकडे आले.

मास्तरांचा कान काय सांगू! शेवटच्या रांगेतली एखादी पोरगी सुरातून जराशी घसरली तरी यांच्या कपाळाला आठी. पण माझे ब्रेक किंचाळायला लागले तेव्हा काय? कानाडोळा!

मास्तरांची मिळकत बेताची, हे मला कळतं हो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. पण सगळं एकदम करा, असं मी म्हणतच नव्हते. रंगाचे पोपडे उडाले होते, एका दाराची काच वर सरकत नव्हती. ती कामं थांबली असती. मला मात्र थांबता येत नव्हतं!

मास्तरांची बायको समंजस. ती रोज सांगायची, "अहो, आधी ब्रेक करून घ्या."

"अगं, तुझा भाऊ येतोय. असल्या गाडीतून आणू त्याला? तोंड वाकडं करेल."

"करू दे. त्याचं तोंड जन्मापासून तसंच आहे."

तरी रंगच लावला! दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. मेहुणा आला, "वा, नवी दिसते," म्हणाला आणि चार दिवस राहून गेला. पुन्हा थोडे पैसे हाती आले, तेव्हा मास्तरांनी काय केलं असेल? माझ्यात रेडिओ बसवला. का, तर माझ्या किंचाळण्यानं त्यांचं डोकं उठत होतं! मी ओरडले की ते आवाज वाढवायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मला तळपाय नाहीत, चाकं आहेत, तरीसुद्धा जायची.

एका सकाळी आम्ही शाळेजवळचा उतार उतरत होतो. मास्तरांची मुलगी ठमी मागच्या सीटवर होती. रेडिओवर गाणं रंगात आलं होतं आणि खाली मुलं रस्ता ओलांडत होती. मास्तरांनी ब्रेक दाबला. लोखंडावर लोखंड खरवडलं, पण मी थांबेना. त्यांनी पाय पार खालपर्यंत रेटला, हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग गरकन फिरवलं आणि मी शाळेच्या भिंतीवर जाऊन आदळले. रस्त्यावरची मुलं वाचली. ठमीचं कपाळ मात्र पुढच्या सीटवर आपटून फुटलं.

ती रडली नाही. कपाळ दाबून म्हणाली, "बाबा, गाडी ओरडत होती. मला ऐकू येत होतं. तुम्ही आवाज मोठा केलात."

मास्तर रेडिओ बंद करायला गेले, पण त्यांना बटणच सापडेना. गाणं चालूच राहिलं.

मग रेडिओ विकला आणि ब्रेक बसले. पुढच्या पैशांत टायर आले. मेकॅनिकनं विचारलं, "नाकावरचा पोचा काढू का?" मास्तर म्हणाले, "राहू दे. सगळ्यात शेवटी बघू." एवढी अक्कल आधी आली असती तर!

आता रेडिओच्या जागी नुसतं भोक आहे. त्यात ठमी केसांच्या पिना ठेवते. मास्तर काच खाली करून, मान तिरकी धरून माझी बारीकशी कुरकुरही ऐकतात. पण माझा राग काही उतरत नाही. माझा पोचा निघेल हो कधीतरी. ठमीच्या कपाळावरचा व्रण मला आरशात रोज दिसतो, तो कोणत्या गॅरेजमध्ये निघणार आहे?

मित्रांनो, पैसे कमी असतील तर मला रंगवू नका, धुऊसुद्धा नका. पण मी ओरडले, तर आधी तो रेडिओ बंद करा!