उन्हाकडचा गोल

आमच्या मैदानाचं तोंड चुकलंय, हे महापालिकेला आत्ता कळलं. साहेब आला, मैदानाच्या मधोमध उभा राहिला, मोबाईलमध्ये दिशा बघितल्या आणि म्हणाला, "हे पूर्व-पश्चिम कुणी आखलं? संध्याकाळी गोलकीपरच्या डोळ्यांत ऊन जातं. नवीन स्टेडियम आपण उत्तर-दक्षिण करतोय."

साहेब, त्या उन्हानं माझ्या नवऱ्याचं नाव खाल्लं, असं मी म्हणणार होते. पण गुडघे दुखत होते, आणि त्याला चहाही नको होता. जाऊ दिला.

आमची वस्ती कासारवाडीच्या रुळांलगत. तिला चिकटून ढलाईची, लोखंड ओतायची कंपनी होती. साच्यांतली जळकी काळी वाळू कंपनी मागच्या खड्ड्यात टाकायची. खड्डा भरला, तेव्हा माझा नवरा भिवा आणि त्याचा जोडीदार इब्राहिम यांच्या डोक्यात आलं की इथं फुटबॉलचं मैदान करायचं. गुरुवारी कंपनीला सुट्टी. दर गुरुवारी माणसं फावडी घेऊन जायची आणि कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी घरी यायची. बनियन धुवायला आम्ही बाया होतोच. स्टेडियमचा इतिहास विचारतात ना, त्यात ते बनियन कुणी लिहीत नाही.

आखायच्या दिवशी दोघांनी दोरी धरली ती कंपनीच्या भिंतीला धरून. सामने पहिली शिफ्ट सुटल्यावर व्हायचे. दुसऱ्या शिफ्टवाल्यांना मशीनवरून मान वळवली की खिडकीतून दिसलं पाहिजे, म्हणून मैदान भिंतीच्या बाजूनं लांबच्या लांब. उन्हाचा विचार कुणी केलाच नाही. दिवसभर भट्टीपुढं उभं राहणाऱ्याला ऊन ते काय. पहिल्याच सामन्यात पूर्वेच्या गोलात उभ्या राहिलेल्या गड्याला समोर मावळत्या सूर्याशिवाय काही दिसेना. तोवर खांब सिमेंटात बसले होते.

मग त्यांनी रीत पाडली. दुसऱ्या हाफला ऊन खाली उतरतं, तेव्हा पूर्वेचा गोल घरच्यांनी घ्यायचा. "चूक आपली हाय. पाहुण्याच्या डोळ्यांत ऊन घालायचं न्हाई," भिवा म्हणायचा. तळवड्याचे यायचे, लोणावळ्याचे यायचे, सगळ्यांना ही रीत माहीत झाली होती. टॉस नुसता नावाला.

एका वर्षी साऱ्या कंपन्यांच्या स्पर्धेची फायनल इथं झाली. कप्तान इब्राहिम म्हणाला, "भिवा, आज टॉस खरा करू." भिवा नको म्हणाला. दुसऱ्या हाफला गोलकीपर म्हणून पूर्वेच्या गोलात स्वतः जाऊन उभा राहिला. सामना संपता संपता बॉल आला, भिवाचे डोळे मिटले, आणि बॉल कानाजवळून आत. तेव्हा जाळीही नव्हती. बॉल थेट रुळांपर्यंत गेला, त्याच्याबरोबर फायनलही.

त्या दिवसापासून तो मिटक्या. गेटवर मिटक्या, कँटीनमध्ये मिटक्या. नळावर मी मिटक्याची बायको. कुणी म्हणालं, विकला गेला. तसं म्हणणारीची घागर मी तिच्याच पायावर आपटली, पण तोंडं किती बंद करणार? भिवा नुसता जेवून कुशीवर वळायचा. त्याला शेवटचं नेत होते तेव्हाही मागं कुणीतरी हळूच तेच नाव घेतलं. मी ऐकलं.

पुढं कंपनी बंद पडली. भिंत गेली, तिथं टॉवर उभे राहिले. मैदान पालिकेकडं गेलं. पायऱ्या झाल्या, पत्रा झाला, फाटकावर स्टेडियम म्हणून पाटी लागली. पण खाली वाळू तीच. पडलं की गुडघा काळा.

आता जेसीबी येणार, त्याच्या आधी शेवटचा सामना ठरला, मुलींचा. समोर पिंपळे सौदागरच्या अकादमीतल्या पोरी. आमची कप्तान माझी नात भाग्यश्री. ती गोलकीपर झाली तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. इतक्या जागा असतात मैदानात, हिला तीच सापडली.

सकाळी भाकरी थापताना तिला सांगितलं, "भागे, टॉस जिंकलीस तर पहिल्या हाफलाच पूर्वेला उभी राहा. दुसऱ्या हाफचं ऊन त्यांना जाऊ दे."

"आणि आपली रीत?"

"रीत तुझ्या आज्याबरोबर गेली."

"मग तू मॅचला आधी पाहुण्यांना चहा का देतेस गं?"

"चहानं गोल होत न्हाई."

"कोच निरंजन सरही तेच म्हणाले. टॉस जिंक आणि ऊन त्यांना दे."

"मग ऐक की. मास्तरचं ऐक, माझं नको ऐकू. ह्या घरातलं एक माणूस मी आयुष्यभर बोलणी खाताना बघितलंय. दुसरं बघायची ताकद न्हाई माझ्यात."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि बूट शोधायला गेली. हो नाही की नाही नाही. आज्यावर गेलीय.

संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन पायरीवर बसले. इब्राहिमभाईला त्याच्या मुलानं, अफताबनं, रिक्षातून आणून सोडलं. मोतीबिंदूनं त्याला आता माणसं नुसती हलताना दिसतात.

"वहिनी, तुम्ही सांगत राहा," तो म्हणाला.

"मी काय रेडिओ हाय?" म्हटलं, पण सांगू लागले.

नाणं भाग्यश्रीचं पडलं. पंच तिला काहीतरी विचारत होता. तिनं हात केला आणि पश्चिमेच्या गोलाकडं चालू लागली. बाजूला निरंजन सरांनी कपाळाला हात लावला.

"कुठं गेली?" इब्राहिमभाईनं विचारलं.

"पश्चिमेला. म्हणजे दुसऱ्या हाफला उन्हात. गाढवीण."

त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

पहिला हाफ कोरा गेला. दुसऱ्या हाफला पोरगी पूर्वेला आली. टॉवर झाल्यापासून ऊन सगळीकडं पडत नाही. दोन इमारतींच्या फटीतून पट्ट्यासारखं येतं आणि नेमकं त्या गोलावर पडतं. कंपनी गेली, भिंत गेली, ऊन मात्र जागेवर आलं. भाग्यश्रीनं एक बॉल अडवला, दुसरा अडवला. मी थर्मासचं झाकण घट्ट करत होते, सैल करत होते. मग त्यांची लांब वेणीवाली पोर पुढं आली आणि तिनं लांबूनच मारला. भाग्यश्रीचा हात डोळ्यांवर गेला.

मी उठून उभी राहिले. इतकी वर्षं तोंडात धरलेली उत्तरं होती माझ्याकडं, एकेकाला पुरून उरतील अशी. म्हटलं, आता येऊ दे कुणाचा आवाज.

आवाज आलाच नाही. टॉवरमधली पोरं मोबाईल धरून बसली होती. एक जण म्हणाला, "बॅड लक यार," आणि वेफर्स खाऊ लागला. गेटवरून मिटक्या म्हणून हाक मारणारा दत्तोबा कधीच गेला. नळावरच्या बाया कुणी गावाला, कुणी मातीत. आम्हा दोघा म्हाताऱ्यांशिवाय मिटक्या हा शब्द माहीत असलेलं माणूसच त्या पायऱ्यांवर उरलं नव्हतं. मी कुणाशी भांडणार होते? गुडघे दुखायला लागले, खाली बसले.

"गेला?" इब्राहिमभाईनं विचारलं.

"गेला."

"डोळे?"

"मिटले."

त्यानं तोंड पूर्वेच्या गोलाकडं वळवलं, दिसत नव्हतं तरी. मग म्हणाला, "मिटकी."

भिवा जिवंत असताना, मेल्यावरही, सगळ्या कंपनीत हे नाव न घेणारा हा एकच माणूस होता.

"पुन्हा म्हणालात तर तुमची काठी तुमच्याच पाठीत घालीन," मी म्हटलं.

"घाला," तो म्हणाला. "मिटक्याची मिटकी."

काठी घेतली नाही. डोळ्यांना पदर लावला. उन्हाचा पट्टा सरकत पायरीवर आला होता.

सामना तसाच संपला, एका गोलानं हरलो. भाग्यश्री आली, गुडघे काळे, डोळे लाल. मी काय बोलते म्हणून बघत उभी राहिली. मग हात पुढं करून म्हणाली, "आज्जी, चहा दे."

थर्मास तिच्याच हातात दिला.

"आधी पाहुण्यांना," म्हटलं.