दारातला वरवंटा

मित्रांनो, दगडाला जीव नसतो असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. शिकवू द्या. मी एक जुना वरवंटा आहे, आणि शनिवार उजाडला की माझा जीव थाऱ्यावर नसतो.

माझा जन्म खाणीतला. एका पाथरवटाने मला गोल घडवलं, पाट्याशी माझी जोडी जमवली आणि आम्ही दोघं अनुसूयाक्कांच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आलो. पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहिलेलं हे मराठी घर. ओलं खोबरं, मिरच्या, चिंच वाटून वाटून माझं अंग गुळगुळीत झालं. पण माझा खरा मान बारशाला! बाळ दणकट व्हावं म्हणून त्याच्याआधी मला पाळण्यात निजवायचे. कुंची काय, तीट काय, थाट विचारू नका. शेजारच्या कस्तुरीच्या बारशालाही आधी मीच झोपलो होतो.

मग मिक्सर आला. पाटा घर बदलताना फुटला आणि मी परसात पडलो. मांजरं अंगावर बसायची. वाईट वाटायचं हो, का नाही वाटणार?

तिथून मला उचललं ते अक्कांनीच. सर्जापूर रोडला राहणाऱ्या, आयटीतल्या, पुण्याहून आलेल्या संध्याने इथल्याच, बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडजवळ, वरच्या मजल्यावरच्या एका हॉलमध्ये मुलांसाठी शनिवारचा वर्ग काढला होता. नाटक, खेळ, गणित असं सगळं. शिकवायला स्वयंसेवक यायचे. अक्का तिच्या मदतीला गेल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी नियम घातले. येणाऱ्याची पोलिस पडताळणी हवी. तो आधी जिथे काम करायचा तिथे फोन करायचा. आणि मोठं माणूस मुलांसोबत असताना दार बंद होता कामा नये. वाऱ्याने दार आपटायचं, म्हणून मला दारात ठेवलं. म्हातारपणी नोकरी लागली!

कॅरम शिकवणारे मंजुनाथ सर आले तेव्हा पडताळणीचा कागद येईपर्यंत अक्कांनी त्यांना वर्गात पाऊल टाकू दिलं नाही. बिचारे बाहेर बाकावर बसून सोंगट्या पुसायचे. "परवागिल्ला अक्का, चालतंय," म्हणायचे.

आणि मग आला विराज. नागपूरचा. बोलणं असं गोड की साखर फिकी पडावी. दिवसभर हिंदी-इंग्रजीत बोलून कंटाळलेली संध्या त्याची मराठी ऐकूनच विरघळली. त्यात वर्गाचं संमेलन तोंडावर आलेलं आणि नाटक बसवायला कुणी नाही.

"अक्का, आपलाच माणूस आहे हो. मराठी मंडळात सगळे ओळखतात. त्याची कसली चौकशी? फोन नंतर करते ना!"

"भाषा ओळखीची आहे, माणूस नाही," अक्का म्हणाल्या. "तोंड पोळल्यावर मग ताक फुंकायचं का ग?"

संध्या हसली. अक्का धुमसत राहिल्या, पण गाडी पुढे गेली. पुढच्या शनिवारी विराज वर्गात होता. मला काही तो माणूस रुचला नाही.

शेजारची कस्तुरी आता बारा वर्षांची, तीही या वर्गाला यायची. नाटकात तिला राणीचं काम मिळालं होतं. घरी आरशासमोर, बसमध्ये, जिथे तिथे तिची राणी चालू. विराज तिला एकटीलाच मागे थांबवू लागला. तेव्हापासून मी तळमळत होतो.

एका शनिवारी कस्तुरी सोडून सगळी मुलं खाली चुरमुरे खायला गेली. अक्का वाढत होत्या. "बसगाड्यांचा काय गोंगाट आहे!" असं म्हणत विराजने मला लाथेने सरकवलं. मला, लाथेने! मी गडगडत भिंतीशी गेलो आणि दार बंद झालं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण दगडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

त्याने खिशातून चॉकलेट काढलं. "हे फक्त तुला. आणि आपल्या प्रॅक्टिसचं बाहेर बोलायचं नाही हं. आपलं सीक्रेट." खुर्ची तिच्याजवळ ओढली.

कस्तुरीने चॉकलेटकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. बोललं तर राणीचं काम जाणार, हे तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं. मग ती उठली.

"स्वल्प थांबा, सर." तिने दार उघडलं, मला दोन्ही हातांनी उचललं आणि पुन्हा जागेवर ठेवलं. "दार उघडं पाहिजे. इथला रूल आहे."

"अगं, घाबरतेस काय? मी काय परका आहे?"

ती थांबलीच नाही. तडक खाली जाऊन तिने अक्कांना सगळं सांगितलं, अगदी चॉकलेटसकट.

राहिलेला फोन संध्याने तिथेच केला. नागपुरातल्या संस्थेने विराजला याच कारणासाठी काढलं होतं. विराजला त्याच क्षणी बाहेर काढलं, कस्तुरीच्या आईवडिलांना बोलावलं आणि पोलिसांत कळवलं. "मी नुसती भाषा बघितली हो अक्का," म्हणून संध्या रडत होती.

कस्तुरी मात्र कोपऱ्यात उभी होती. "अक्का, माझ्यामुळे आता नाटक होणार नाही ना?"

मित्रांनो, माझं दगडाचं काळीज, पण तेही हललं.

अक्कांनी तिला पोटाशी धरलं. "सोन्या, तुझ्यामुळे काही बिघडलं नाही. नाटक होणार. दार उघडं ठेवून होणार."

आणि झालं! मंजुनाथ सरांनी बसवलं. त्यांना नाटकातलं ओ की ठो कळत नाही, पण राणी अशी कडाडली की खालच्या बसस्टँडवरचे लोक वर बघू लागले.

अजूनही नवा स्वयंसेवक आला की मी अस्वस्थ होतो. मोठ्यांना माझं सांगणं आहे, 'आपलाच माणूस' म्हणून चौकशी सोडू नका. जो खरा आपला असेल, तो बाकावर बसून सोंगट्या पुसेल.

आणि मुलांनो, मी तर दगड. कुणी लाथाडलं तर भिंतीशी जाऊन गप्प पडतो. तुमच्याआधी मी पाळण्यात झोपलो असेन, पण तुमच्यासाठी बोलणं मला जमत नाही. ते तुम्हाला जमतं. कुणी दार लावून 'सांगू नकोस' म्हणालं, तर आधी तेच सांगा.