होळीसाठी मागितलेलं ताम्हण

आमच्या शेजारच्या केदारने गोळवलीच्या मावसभावाकडून कुऱ्हाड मागून आणली होती. होळी परवावर आली होती आणि आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतलं, गेटजवळचं ताम्हणाचं झाड त्याला होळीत घालायचं होतं.

"मेलंय गं सान्वी ते. एक पान नाही. होळीत गेलं तर सत्कारणी तरी लागेल."

"पानगळ आहे. ताम्हण दर हिवाळ्यात पानं टाकतं."

"मग बाजूच्या सोसायटीच्या झाडाला पालवी कशी फुटली? सोबतच आणलेली ना दोन्ही रोपं?"

वनस्पतिशास्त्राची पदवी मिळाल्यावर मी हट्टाने लावायला लावलेलं हे पहिलं झाड, आणि गेले काही दिवस मलाही त्याची खात्री वाटत नव्हती.

जिवंत झाड होळीत घालायचं नाही, हे मात्र केदारच्या घरात कडक पाळतात. "हिरवं निघालं तर हात नाही लावणार," तो म्हणाला. "दाखव."

हाताला आलेली फांदी मी नखाने खरवडली. सालीखाली कोरडं, तपकिरी. दुसरी फांदीही तशीच. केदारने कुऱ्हाड उचलली.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या शालनकाकू बादली घेऊन आल्या आणि बुंध्याशी ओतू लागल्या.

"काकू, रोज घालता?"

"मग? वाळून चाललंय बिचारं. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी आहे. मी एकटीच नाही हो, गोदाताई घालतात, बी विंगवाले घालतात."

मी आळ्यात बोट खुपसलं. ते अख्खं चिखलात गेलं आणि वर कुजका वास आला. पानं नसताना झाडाला फार थोडं पाणी लागतं. त्यात फिल्टरने गाळून टाकलेले क्षार. सगळी बिल्डिंग दया येऊन त्याची मुळं बुडवत होती.

"म्हणजे आम्हीच मारलं?" काकूंनी बादली खाली ठेवली.

"बघू द्या."

मी गुडघ्यांवर बसून आळं एका बाजूने फोडलं, साचलेलं पाणी उताराकडे काढलं. मग जमिनीपासून वीतभरावर खोडाची साल किल्लीने जराशी खरवडली. आत ओलं होतं, आणि हिरवं.

केदार वाकला. विश्वास नसल्यासारखं त्याने स्वतःच्या नखाने शेजारी खरवडून पाहिलं.

"आयला. भेंडीसारखं हिरवं आहे."

"वरच्या मेलेल्या फांद्या ने. त्यांना काही आता पालवी फुटणार नाही."

"त्या हाताने मोडतील. भाऊ हसणार मला कुऱ्हाडीवरून."

काकूंनी त्याच संध्याकाळी बी विंगच्या प्रत्येक दारात जाऊन पाणी बंद करायला सांगितलं. एकीने म्हणे विचारलं, मग आता हे पाणी टाकायचं कुठे. काकू म्हणाल्या, लादी पूस.

एप्रिलमध्ये खोडावर तांबूस कोंब आले. यंदा फुलं येणार नाहीत, हे मी काकूंना आधीच सांगून टाकलं.

"नको येऊ देत," त्या म्हणाल्या. "आधी अंगावर पानं तर चढू देत."

दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटला कामावर पोहोचल्यावर माझ्या लक्षात आलं, की होळीपासून पहिल्यांदाच, निघताना मी काळजीने झाडाकडे बघितलंच नव्हतं.