मोजकाठी

हेडन रॉसरने गाडीची डिकी उघडली आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मोजकाठी बाहेर काढली.

मेनीर हॉपकिन कुरणाच्या फाटकाची कडी काढत होती. तिचा हात कडीवरच राहिला.

"या वेळी आणलीत वाटतं," ती म्हणाली.

"हो." त्याने तिच्याकडे न बघता डिकी लावली. "ऑफिसचा नवा नियम आलाय. नोंदीच्या फोटोत माणूस नको."

"बरं झालं. मला तरी कुठे वेळ आहे!" मेनीर म्हणाली. सकाळी तिने गमबूट दोनदा पुसले होते आणि कामाचा स्वेटर काढून ठेवून चर्चला जातानाचा निळा घातला होता.

मागून तिचा थोरला भाऊ इडवल लंगडत येत होता. सत्तरी ओलांडल्यावर त्याचे गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती.

"काय साहेब, बत्तीस वर्षांनी सरकारी काठी बघायला मिळाली!" तो म्हणाला. "म्हणजे आमच्या मेनीरची नोकरी गेली म्हणायची."

"इडवल, तू घरी जा बघू. वारं लागेल."

"वारं तर तुला लागलंय," इडवल म्हणाला, पण हळू आवाजात.

तिघं कुरण चढू लागली. वरच्या अंगाला, हॉथॉर्नच्या वाकड्या झाडापलीकडे, तीन उभे दगड होते आणि त्यांच्यावर एक आडवा. पाच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपली माणसं तिथे पुरली होती. हॉपकिनांच्या घरात त्याला टेबल म्हणत, आणि लहानपणी इडवल-मेनीरने त्यावर बसून लोणी-ब्रेड खाल्लं होतं, हे रॉसरपासून लपवून ठेवलं होतं. स्वान्सी शहरात आणि आसपास कायद्याने राखलेल्या अशा जागा पुष्कळ होत्या. किल्ल्यांच्या भिंती, तांब्याच्या भट्ट्यांची धुराडी, गवताखाली गेलेल्या तटबंद्या. त्या होत्या तशाच आहेत ना, एवढं फिरून बघणं हे रॉसरचं काम. हॉपकिनांच्या केव्हन एथिन या शेतावरच्या कुरणाची पाळी दर सहा-सात वर्षांनी यायची. आधी पत्र यायचं. ते पत्र मेनीर चहाच्या डब्यामागे ठेवायची आणि तो येईपर्यंत कितीदा काढून वाचायची, याला काही सुमार नव्हता. त्यात तारीख आणि वेळ याखेरीज काही नसायचं.

पहिल्या खेपेला तो खरंच काठी विसरला होता. दगड केवढा आहे ते फोटोत कळायचं तर शेजारी माहीत असलेल्या उंचीचं काहीतरी लागतं.

"तुमची उंची किती?" त्याने विचारलं होतं.

"पाच फूट चार इंच," एकतीस वर्षांच्या मेनीरने सांगितलं. एवढी उंच ती नव्हती, पण पायात गमबूट होते.

तो म्हणाला, उजवीकडच्या दगडाशी उभ्या राहा आणि हलू नका. ती हलली नाही. तो कॅमेऱ्यातून बराच वेळ बघत राहिला. दगडाकडे बघत असेल, हे तिला कळत होतं. तरी इतक्या निवांतपणे तिच्या दिशेने तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला, चहा पिताना, त्याने सांगितलं की बायको जाऊन दोन वर्षं झाली. मेनीरने त्याच्या बशीत आणखी एक केक ठेवला. त्या दिवशीही तो काठी विसरला होता. तिसऱ्या खेपेला त्याचे कागद आणायला ती गाडीपाशी गेली, तेव्हा मागच्या सीटवर रेनकोटच्या खालून एक लाल-पांढरं टोक बाहेर आलेलं तिला दिसलं. ती कागद घेऊन परत आली.

"आजही विसरलो बघा," रॉसर म्हणाला.

"चालायचंच," मेनीर म्हणाली आणि दगडाशी जाऊन उभी राहिली.

मग चौथी खेप झाली, पाचवी झाली. दरम्यान आई माडीवर अंथरुणाला खिळली, नऊ वर्षं खिळून होती आणि गेली. तो दर वेळी काठी विसरायचा आणि मेनीर दर वेळी उभी राहायची. यापलीकडे जायला दोघांपैकी एकानेही तोंड उघडायला हवं होतं. तेवढं मात्र कुणाला जमलं नाही.

आज त्याने काठी नेमकी उजवीकडच्या दगडाला टेकवली. इथे जमिनीत काही रोवायला परवानगी नसते. मग तो झाडापाशी, नेहमीच्या जागी मागे गेला. मेनीर कुंपणाच्या भिंतीशी थांबली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी तिने ते स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले. एका लाकडी काठीचा हेवा वाटावा, याची तिला लाज वाटली, आणि हेवा काही कमी झाला नाही.

फोटो दोन मिनिटांत झाला.

"शुक्रवारी मी रिटायर होतोय," रॉसर कॅमेरा गळ्यातून काढत म्हणाला. "ही माझी शेवटची फेरी."

"मग पुढच्या वेळी कोण?" इडवलने विचारलं.

"पाठवतील कुणाला तरी."

आत्ताच काहीतरी बोललं पाहिजे, असं मेनीरला वाटलं. आत्ता नाही तर कधीच नाही.

"चहा घेणार ना?" ती म्हणाली.

"घेतो की."

स्वयंपाकघरात तिने तवा तापवला आणि बेदाण्याचे केक भाजायला घेतले. रॉसरने टेबलावर एक पाकीट ठेवलं. आतून पाच फोटो निघाले. त्याने ते एका ओळीत मांडले. मेनीर हात पुसत आली आणि चष्मा लावून वाकली. हे फोटो तिने कधी पाहिले नव्हते. तेच तीन दगड, तोच वरचा आडवा, तेच आभाळ. आणि उजवीकडे एक बाई, आधी काळ्या केसांची, मग करड्या, मग जवळजवळ पांढऱ्या. पाचही फोटोंत ती कॅमेऱ्याकडे अशी बघत होती, की मेनीरने चष्मा काढून खिशात ठेवला.

"दगडाला काही झालेलं नाही," इडवल घोट घेत म्हणाला. "बहीण मात्र झिजली. साहेब, फॉर्मवर लिहा तसं. नुकसान झालंय म्हणून."

रॉसर हसला नाही. तो शेवटच्या फोटोकडे बघत होता.

"मला कुठे नुकसान दिसत नाही," तो म्हणाला.

तवा धुरावला. मेनीर वळली. दोन केक करपले होते, ते तिने स्वतःच्या बशीत घेतले. नंतर हवेबद्दल बोलणं झालं, मेंढ्यांच्या भावाबद्दल झालं. रॉसरने दोनदा काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा केक चांगला झाल्याचं सांगितलं. निघताना त्याने पाकीट टेबलावरच ठेवलं.

"या कॉपी तुमच्यासाठी, मिस हॉपकिन."

"थँक्यू, मिस्टर रॉसर."

बत्तीस वर्षांत दोघं इथवरच पोचली होती. गाडी वळणाच्या झुडपांआड गेली, तरी मेनीर अंगणात उभी होती. तिला रडू येत नव्हतं. आलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी फाटक लावायला म्हणून ती वर गेली. उतरतं ऊन दगडांवर होतं आणि उजवीकडच्या दगडाला लाल-पांढरी काठी तशीच टेकून उभी होती.

मेनीर जवळ गेली. थोडा वेळ ती काठीच्या शेजारी उभी राहिली. मग तिने काठी उचलली, अंगातल्या रेनकोटाखाली धरली आणि घरी आणली.

"साहेबांची काठी दिसली का गं वर?" इडवलने आतून विचारलं. "जाताना हातात नव्हती त्यांच्या. ऑफिसला फोन करून टाक. सरकारी वस्तू आहे."

"शुक्रवार होऊ दे," मेनीर म्हणाली.

"शुक्रवारनंतर कोण भेटणार तिथे?"

"तेच म्हणते मी."

इडवलने पेपर खाली केला, तिच्याकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर घेतला.

शनिवारी सकाळी, नऊ वाजून पाच मिनिटांनी, फोन वाजला. मेनीर तिथेच भांडी पुसत होती. आठ वाजल्यापासून ती तीच भांडी पुसत होती.

"मिस हॉपकिन? हेडन बोलतोय. हेडन रॉसर. माझी मोजकाठी तुमच्याकडे तर नाही ना राहिली? वरती, दगडापाशी?"

मेनीरने वळून पाहिलं. दाराच्या कोपऱ्यात तिचा रेनकोट टांगलेला होता. त्याच्या खालून लाल-पांढरं टोक बाहेर आलं होतं.

"मला तरी दिसली नाही," ती म्हणाली. "तुम्हालाच येऊन शोधावी लागेल."

पलीकडून तो हळूच म्हणाला, "सापडेल का एका फेरीत?"

"कुरण मोठं आहे, हेडन," मेनीर म्हणाली. "वेळ लागेल."