दुसरीच गाडी

डाळीच्या दाण्याएवढा सेल, आणि तो नेमका खाटेखाली, भिंतीच्या कडेला, हात पोचणार नाही अशा जागी जाऊन बसलेला... रत्नाने गाल थंड फरशीला टेकवला, केरसुणीने एकदा ओढून पाहिलं, दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा तो आणखीच आत गेला, आणि तिच्या लक्षात आलं की हा पडलेला नाही, पाडलेला आहे. मघाशी दारातून तिने पाहिलंच होतं — कानाचं मशीन तळहातावर धरून दादांनी नखाने त्याचं झाकण उघडलं होतं. एक्याऐंशी वर्षांचा माणूस आणि खोड्या बालवाडीतल्या.

"नगं मला," खाटेवरून दादा म्हणाले. "तू जा. मला न्हाई जायाचं."

"सत्कार तुमचा हाय दादा! म्या जाऊन काय करू? गाडी पाठवलीय त्यांनी!"

"आँ?"

हे 'आँ'. अठरा वर्षं ती हे 'आँ' ऐकत होती. भाकरी वाढताना, औषध देताना, पाहुणे आले असताना. बहिऱ्या माणसाच्या घरात हळू असं काही बोलताच येत नाही. रागसुद्धा ओरडून करावा लागतो आणि मायासुद्धा ओरडून, त्यामुळे सगळ्या कामथडी गावाला वाटायचं की रत्ना बापावर दिवसभर खेकसते. वाटेना का. खेकसतच होते मी. दोन वेळचं जेवण, आंघोळीचं पाणी, महिन्याला डॉक्टर, ह्यात कधी कसूर केली असेल तर सांगा. प्रेमाने केलं की रागाने, हे कुणी विचारू नये.

सेल शेवटी निघाला. तिने तो मशीनमध्ये घातला नाही. पदराला पुसला आणि पर्समध्ये टाकला. राहा म्हणावं बहिरे, हौस आहे ना. आणि त्यांच्या अंगात तिने धुतलेला शर्ट जवळजवळ कोंबला, टोपी घातली, दंडाला धरून गाडीत बसवलं. त्यांना तिथे न्यायचंच होतं तिला. सत्कारासाठी नव्हे. दादा चालवायचे त्या जुन्या ट्रकसमोर ह्या माणसाला एकदा दिवसभर बसवायचं होतं. ती गाडी, तो रस्ता, ती दुपार... आणि हा माणूस जे खोटं बोलला होता ते.

किकवीच्या हमरस्त्याला लागून हॉटेलाचं मोठं मैदान होतं आणि त्यात मांडव घातला होता. जुन्या मालट्रकांचे शौकीन जमले होते, पन्नास-साठ तरी. छातीवर ट्रकचं नाकाड छापलेले सारखे बनियन, गळ्यात कॅमेरे. त्यांचा मोबाईलवर ग्रुप होता आणि सोमेश्वर नावाचा पुण्याचा कुणी बँकेतला साहेब त्याचा म्होरक्या. त्यानेच भंगारातून ती गाडी शोधून काढली होती, दोन वर्षं खपून उभी केली होती, आणि कागदपत्रांवरून तिचा जुना चालक कामथडीला लेकीकडे असतो हेही हुडकलं होतं.

"काका! या, या!" तो वाकून पाया पडला. "ताई, काकांनी ही गाडी किती वर्षं चालवली?"

"त्यांनाच इचारा," रत्ना म्हणाली. विचारा आणि मग ऐका 'आँ'.

गाडी मधोमध उभी होती. लांब नाकाची फार्गो. निळा रंग, नवा, इतका चकचकीत की ओळखू येऊ नये. कपाळावर झेंडूची माळ. तिच्याभोवती उभे राहून सगळे इंजिनांचे घोडे मोजत होते — कुठल्या गाडीचे त्र्याऐंशी, कुठल्या गाडीचे एकशेदहा, आणि सात टन घेऊन कात्रजचा जुना घाट कोण कुठल्या गिअरमध्ये चढायचं. एकाच्या आजोबांची बेडफर्ड होती. एकाने लहानपणी वरंध्याच्या घाटात इंजिनाचा आवाज ऐकला होता आणि त्याला म्हणे अजून झोपेत तो ऐकू येतो. सांगताना त्याचे डोळे भरून आले. एकाच्या मोबाईलची रिंगच मुळी डिझेल इंजिनाची होती. दुरून डोंगर साजरे! आत बसा की एकदा. पुढे इंजिन, डावीकडे इंजिनाची धग, दादांच्या डाव्या नडगीवरचे केस जळून गेले ते पुन्हा कधी उगवले नाहीत. आणि ज्या आवाजाने तुमचे डोळे भरून येतात ना, त्याच आवाजाने ह्या माणसाचे कान खाल्ले. ते कुठल्या बनियनवर छापलंय?

दादांना खुर्ची दिली होती. ते गाडीकडे पाहत नव्हते. मान वळवून हमरस्त्याकडे, येणाऱ्याजाणाऱ्या कंटेनरांकडे बघत बसले होते. बघणार कसे, रत्नाला वाटलं, तोंड आहे का बघायला.

गाडीचा तो आवाज तिलाही येत होता. ह्या लोकांना झोपेत येतो, तिला जागेपणी यायचा. विंझरच्या वर, डोंगराच्या अंगाला त्यांची चार घरांची वस्ती होती. रस्ता खाली, आणि गाडी वडाच्या वळणावर आली की वर अंगणात ऐकू यायची. भरलेली गाडी चढावर उगाच थांबवायची नाही हा दादांचा नियम. रस्त्यावर कुणी उभं असेल तर थांबायचं, नसेल तर वेल्ह्याला माल उतरवून दुसऱ्या दिवशी घरी. त्यामुळे घरात कान द्यायची रीत होती. वळणावर दादा गिअर टाकायचे तेव्हा ते इंजिन एक उचकी द्यायचं — घर्र, मग उचकी, मग पुन्हा घर्र. ती उचकी ऐकली की आई तव्यावर भाकरी टाकायची आणि रत्नाने पायवाटेने धावत सुटायचं; गाडी वर येईस्तोवर ती रस्त्यावर. दहा गाड्यांतून ती ओळखायची. तिला गर्व होता त्या कानाचा. वस्तीवर म्हणायचे, रखमाजीच्या पोरीला कान हायेत.

आणि ती गौरी जेवायची दुपार. ती अकरा वर्षांची, आई सात महिन्यांची गरोदर. सकाळपासून आईला रक्त जात होतं. शेजारची धोंडाबाई म्हणाली, बैलगाडीत घालून नसरापूरला न्या डॉक्टरकडं. पण आई म्हणाली, बैलगाडीचे हिसके सोसायचे नाहीत मला, हे येतीलच दुपारच्याला, ट्रकात निजून जाईन, अर्ध्या घटकेचं काम. रत्ने, कान दे.

मी कान दिला. अंगणाच्या कडेला बसून, गुडघे धरून, लघवीलासुद्धा न उठता. दोन टेम्पो गेले, एक एसटी गेली. मग दुपार कलताना वडाच्या वळणावर एक जाड आवाज आला, एकसुरी, भरल्या गळ्याचा, उचकी नाही की काही नाही, सरळ चढत निघालेला. आतून आई म्हणाली, "आली का गं?"

"न्हाई आये. दुसरीच हाय."

ती दुसरीच गाडी भराभर चढून निघून गेली. दिवस मावळायला शेवटी बैलगाडी जुंपली. नसरापूरच्या अलीकडेच आई गेली, पोटातलं घेऊन.

दुसऱ्या दिवशी दादा आले. आले, बसले, आणि म्हणाले, "म्या गेलतो की वरनं. तू रस्त्यावं न्हवतीस."

गेलतो की! तिचा राग तेव्हापासूनचा. बेचाळीस वर्षांचा, पोसलेला, तिच्या स्वतःच्या पोरांपेक्षा वयाने मोठा. ती तिथे होती. तिने कान दिला होता. गाडी गेलीच नव्हती. हा माणूस आलाच नव्हता, कुठे पडला होता कोण जाणे, आणि वर अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर दोष ठेवून मोकळा — तू न्हवतीस. त्यानंतर महिन्याभरात त्यांनी ती गाडीच सोडली, दुसऱ्या मालकाकडे गेले. रत्नाला मामाकडे ठेवलं. तिने एकदा, लग्नाच्या आदल्या दिवशी, तोंडावर सांगितलं होतं, "तुमी खोटं बोललात." दादा काहीच बोलले नव्हते. खरा माणूस गप्प बसेल का?

"तर मंडळी," सोमेश्वर ओरडला, "आता तो क्षण!"

कुणीतरी आत चढलं. किल्ली फिरली, गाडी थरथरली, काळा धूर आला, शिट्ट्या, टाळ्या, साठ मोबाईल वर. रत्नाने दात आवळले आणि त्या उचकीची वाट पाहिली. गाडी मैदानात एक फेरी मारून आली, गिअर बदलला... उचकी आली नाही. जाड, एकसुरी आवाज.

तिला हसू आलं. वेडे लोक. दोन वर्षं खपले आणि भलतंच इंजिन बसवलं. घोड्याच्या नावाने खेचर आणून उभं केलं आणि त्याला माळ घातली! बेचाळीस वर्षांनीही तिचा कान तसाच होता तर. ती सोमेश्वरकडे गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे इंजन ह्या गाडीचं न्हाई. ही ती गाडीच न्हाई. दुसरीच हाय."

तोंडातून शब्द गेले आणि ती पुन्हा गाडीकडे वळली. का, ते कळेना. आवाज ओळखीचा होता... कुठे ऐकला होता मी?

"ताई, मानलं तुम्हाला!" सोमेश्वर खूश झाला. "मूळ इंजिन नाहीच आहे हे. हीच तर गंमत आहे ह्या गाडीची. गेनबा मिस्त्री, तुम्हीच सांगा." आणि त्याने एका वाकलेल्या म्हाताऱ्याच्या हातात माईक दिला. गेनबा मिस्त्री, भोरचे. त्यांचाही सत्कार होता.

"त्येचं आसं झालं," गेनबा माईक ओठाला लावून म्हणाले, "मूळचं इंजन दमलं हुतं. चढाला उचक्या द्याचं. मग मानसिंगशेठ मालकानं लेलँडचं इंजन आणलं, आन म्या नि ह्या रखमाजीनं आठ दिस खपून ते हिच्यात बशिवलं. त्र्याऐंशीचं एकशेधा झालं! गवर जेवायच्या दिशी पयली फेरी काढली, येल्ह्याला. म्या म्हणलं, रखमाजी, घरला सांगितलंस का? तर म्हणतो कसा, न्हाई. पोरीला लई गर्व हाय कानाचा. मुकाट्यानं वरनं जातो, वळखती का बघू."

लोक हसले. टाळ्या पडल्या.

वळखती का बघू.

इंजिन चालूच होतं. रत्ना उभी होती, आणि अंगणाच्या कडेला बसली होती, आणि वडाच्या वळणावरून तोच आवाज चढत होता — तोच, ह्याच गळ्याचा, आत्ता दहा हातांवर — आणि स्टेअरिंगमागे एक चाळिशीला टेकलेला माणूस गालात हसत रस्त्याच्या कडेकडे बघत होता, आता येईल पोरगी धावत, आता येईल... आली नाही. फसली म्हणायची. हसत हसत वर गेला असेल तो. वेल्ह्यात चहा पिताना कुणाला तरी सांगितलंही असेल.

म्या गेलतो की वरनं. तू रस्त्यावं न्हवतीस.

तिला त्या गेनबाच्या हातातला माईक हिसकावून फेकावासा वाटला. त्या निळ्या नाकाडावर दगड घालावासा वाटला. एकशेदहा घोडे! आणि गंमत करायला दिवस कुठला निवडला! आईला सांगून गेला असता, पोरीला सांगितलं असतं, नवं इंजिन बसवतोय, आवाज बदलेल, एवढं एक वाक्य... पण आई म्हणाली होती, 'आली का गं?' आणि उत्तर कुणी दिलं होतं? कुणी दिलं होतं उत्तर? दादांनी नव्हतं दिलं.

मग दुसऱ्या दिवशी, किंवा महिन्याभरात, कधीतरी त्यांना कळलंच असणार. धोंडाबाईने सांगितलं असणार, पोर दिवसभर कान देऊन बसली हुती, गाडी ऐकूच आली न्हाई म्हणती. आणि तेवढ्यावरून त्यांनी ताडलं असणार. म्हणून ती गाडी सोडली? आणि मी 'खोटं बोललात' म्हणाले तेव्हा एक शब्द... 'इंजन बदललं हुतं' एवढं म्हणाले असते तर सुटले असते ते. मग अडकलं कोण असतं?

नको, नको. इतका चांगला असायचा नाही हा माणूस. इतका चांगला असायचा त्याला काही अधिकार नाही.

दादा खुर्चीतून उठले होते. कुणी उठवलं नव्हतं. काठी टेकत ते तिच्याकडे आले, आणि तोल जाऊ नये म्हणून त्यांनी एक हात गाडीच्या चाकावरच्या चिखलपट्टीवर ठेवला. पत्रा थरथरत होता, त्याबरोबर हात थरथरत होता. ते गाडीकडे पाहत नव्हते. गेनबाच्या तोंडाकडे आणि मग तिच्या तोंडाकडे पाहत होते, आणि अठरा वर्षांत तिने त्यांच्या चेहऱ्यावर अशी भीती पाहिली नव्हती.

"गेनबा काय बोलला गं?" त्यांना वाटलं आपण हळू बोलतोय, आसपासच्यांनी माना वळवल्या. "इंजनाचं काय बोलला का त्यो?"

रत्नाचा हात पर्समध्ये होता. सेल बोटाला लागत होता, डाळीच्या दाण्याएवढा. तो मशीनमध्ये घालावा आणि कानाशी लागून विचारावं, तुम्हाला कधी कळलं? खरं सांगा, कधी? घालायला क्षण लागला असता. तिने सेल मुठीत धरला आणि मूठ पर्समध्येच राहू दिली.

"न्हाई," ती म्हणाली.

"आँ?"

आणि त्या 'आँ'चा तिला राग आला नाही. हा माणूस बहिरा आहे ते बरं आहे असं तिला पहिल्यांदाच वाटलं, आणि असं वाटल्याचाच तिला इतका संताप आला की ती जवळजवळ किंचाळली, इंजिनाच्या वर, साठ माणसांच्या वर —

"न्हाई दादा! दुसरंच!"

दादांनी मान हलवली. चिखलपट्टीवरचा त्यांचा हात सैल पडला. रत्नाला आपलाच आवाज ऐकू येत राहिला, बारीक, अकरा वर्षांचा, पक्की खात्री असलेला.