इस्तारीचा हिस्सा

चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या सालची गोष्ट. राज्य बदललं, पण इस्तारी काही बदलला नाही.

तलावात जाळं ओढून झालं की गोकुळाबाई पाळीवर, म्हणजे बांधावर, माशांचे पाच सारखे हिस्से मांडायची, चार गड्यांचे नि एक स्वतःचा. एकजण पाठ फिरवून उभा राही; ती हिश्शावर बोट ठेवी, तो न बघता एकाचं नाव घेई, त्याचा तो हिस्सा. तक्रार कोणाचीच नसे, एक इस्तारी सोडून. त्याचं तोंड पाहिलं की गोकुळाबाईचं डोकं फिरे. स्वर्गात नेला तरी हा म्हणेल, खाट कोपऱ्यात दिली!

आजही तो कुरकुरला, "माह्याच वाट्याले लहान मासे काऊन?"

"पायजे तो हिस्सा घे, पण तोंड बंद ठेव," ती कडाडली.

त्याने सोमाजीशी हिस्सा बदलला. मग रामाजीचा मोठा दिसला, मग भैयाजीचा. शेवटी सोमाजीकडे गेलेला आपलाच पहिला हिस्सा त्याला भारी वाटला, तोही त्याने परत घेतला. बाकीचे हसत घरी गेले. इस्तारी मात्र उन्हात मासे उलटेपालटे करत बसला.

दुपारी गोकुळाबाई तलावावर भांडी घासायला आली, तर वासाने नाक धरायची वेळ.

"पाय बाई," इस्तारी म्हणाला, "सडके मासे बी माह्याच वाट्याले आले!"